संगणकासोबतचं सामान आणि आपला ‘ळ’



या समूहात आतापर्यंत संत्र्याच्या बागा झाल्या, गोटमार झाली, जामसावळीचे हनुमानजी झाले, छोट्या रेल्वेच्या आठवणी तर कितीतरी झाल्या. सगळं मी आवडीने वाचतो. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या घराघरांत आलेल्या एका वस्तूबद्दल कोणी लिहिलेलं दिसलं नाही. ती म्हणजे घरचा संगणक.

तुम्ही म्हणाल, त्यात काय लिहायचं? संगणक तो पुण्यातही तोच आणि पांढुर्ण्यातही तोच. खरं आहे. पण संगणकासोबत जे सामान घ्यावं लागतं, म्हणजे यूपीएस, कीबोर्ड, व्हायरसचं औषध, मराठी अक्षरांचा फॉन्ट, त्याची आपल्या पांढुर्णा-सौंसरकडची गोष्ट वेगळी आहे. मी कॉमर्सचा पदवीधर, जन्म बँकेत गेला. इंजिनिअर नाही. जे वापरलं, जे पाहिलं आणि जे समजून घेतलं ते लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं मागचं

नव्या पिढीसाठी सांगतो. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि १९५० नंतरच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती, आणि कारभारात हिंदी व मराठी दोन्ही भाषांना जागा होती. १९५० साली त्यासाठी राजभाषेचा कायदाच झाला होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेलं आणि आपला छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपलं असं झालं की घरात मराठी, तहसिलीत हिंदी, बाजारात दोन्ही, आणि लग्नाच्या याद्या काटोल, नरखेड, वरूड, नागपूरपर्यंत.

पेन-दौतीच्या काळात याचा फारसा त्रास नव्हता. लिपी दोन्हीकडे देवनागरीच. शाळेत हिंदी शिकलेला मुलगा आजीला मराठी पत्र लिहू शकत होता. ‘ळ’ काढायला हात लागतो, बाकी काही लागत नाही. यंत्र आलं तेव्हा मात्र प्रश्न आला की ‘ळ’ यंत्रात आहे का, कुठे आहे आणि तो दाबायची सवय कोणाला आहे.

बँकेतला संगणक

आमच्या पिढीने संगणक आधी घरात नाही, नोकरीत पाहिला. १९८३ मध्ये कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला. पाठोपाठ १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, ज्यांना आम्ही एएलपीएम म्हणत असू. ते आल्यावर जुन्या लोकांना वाटलं की आता आपलं काही खरं नाही. प्रत्यक्षात काम तेवढंच राहिलं, फक्त बॅलन्स टॅली करायला रात्री थांबायचं कमी झालं.

मध्य प्रदेश राजभाषेच्या हिशेबाने ‘क’ क्षेत्रात. म्हणून बँकांचं पत्रव्यवहाराचं काम हिंदीत व्हावं असा आग्रह असे. पण ते डॉसचे संगणक, त्यांना इंग्रजीशिवाय दुसरं काही दिसत नसे. त्यावर उपाय होता जिस्ट कार्ड. याचं मूळ काम आयआयटी कानपूरला झालं आणि १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिकडे आलं. संगणकाच्या पोटात एक जास्तीचं कार्ड बसवायचं, की पडद्यावर देवनागरी उमटे. पुण्यात तयार झालेल्या या कार्डावर आपल्या भागात हिंदी चाले, हीसुद्धा एक गंमतच.

त्याच सुमाराचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो आखला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘क’ जिथे मराठीत, तिथेच बंगालीत, तिथेच तेलुगूत. ‘ल’ इंग्रजी एनच्या बटणावर, आणि शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की ‘ळ’. १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ आलं, त्यात प्रत्येक भारतीय अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला गेला. हा क्रमांक लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

घरी आणताना: आधी लाईनचा बंदोबस्त

आपल्या भागात घरोघरी संगणक आले ते साधारण १९९८ ते २००५ या काळात. मुलगा बारावीला, मुलगी बी.एस्सी.ला, कोणी डीसीए करतंय, अशा निमित्ताने. खरेदी नागपूरला. पांढुर्ण्याचे लोक इटारसी लाईनच्या गाडीने आणत. सौंसरकडची मंडळी इतवारी-छिंदवाडा छोट्या गाडीने, १५ इंची काचेचा मॉनिटर मांडीवर घेऊन. ती छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली.

दुकानदार कोटेशन देई. त्यात मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क या गोष्टी वरती आणि ठळक. शेवटी बारीक अक्षरात ‘ॲक्सेसरीज’. घरच्या कर्त्या माणसाला वाटे की वरचं महत्त्वाचं, खालचं कमी करून हजार-दोन हजार वाचवू. अनुभव उलटा आला. वरचं सामान सगळीकडे सारखं चाललं. आपल्या घरात संगणक टिकला की नाही, हे खालच्या यादीवरून ठरलं.

त्यात पहिला नंबर यूपीएसचा. २००० ते २००३ ही वर्षं आठवा. छत्तीसगड वेगळं झालं १ नोव्हेंबर २००० ला, आणि आपल्याकडे विजेची कपात अशी होती की दिवसाचं वेळापत्रक लाईनवर ठरे. २००३ च्या निवडणुकीत बिजली-सडक-पानी हाच मुद्दा होता. ‘लाईन आली का?’ हा शेजाऱ्याशी बोलायचा पहिला प्रश्न. विंडोज ९८ चा संगणक मध्येच बंद पडला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू होई. कुठे फाईल अर्धवट लिहिली गेली, कुठे धागा तुटला, ते तपासत बसे. पोरं त्याला ‘कॉम्प्युटरचा ताप पाहणं’ म्हणत. दिवसातून तीनदा ताप पाहिला तर डिस्क किती दिवस टिकणार?

यूपीएस घेताना आकड्यांचा घोळ होई, तो आजही होतो. डब्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं. ते ६०० वॅट नव्हेत. साध्या यूपीएसमध्ये ते ३६० वॅटच्या आसपास धरायचे. आणि तो किती वेळ चालेल हे या आकड्यावर नाही, आतल्या बॅटरीवर अवलंबून. बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवर म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. काचेचा मॉनिटर आणि डबा मिळून दीडशे वॅट खात. हिशेबाने अर्धा तास येतो, पण बॅटरीवर एकदम भार पडला की ती पूर्ण ताकद देत नाही आणि थोडी ऊर्जा बदलाबदलीत जाते. म्हणून हातात दहा-पंधरा मिनिटं. यूपीएस काम करत बसायला नसतो, काम सेव्ह करून नीट बंद करायला असतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायचीच. आणि लेझर प्रिंटर यूपीएसला कधी लावायचा नाही. कागदावर शाई भाजून बसवताना तो एकदम शेकडो वॅट ओढतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. रब्बीच्या दिवसांत, संत्र्याला पाणी द्यायच्या वेळी, बागांवरचे मोटरपंप सुरू झाले की गावातला बल्ब पिवळा पडे. अशा वेळी ज्या यूपीएसमध्ये व्होल्टेज सावरायची सोय नाही, तो लाईन असूनही बॅटरीवर जाई. आणि खरोखर लाईन जाई तेव्हा बॅटरी रिकामी. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी सुचवलेला स्वस्त यूपीएस आपल्याकडे का चालत नसे, त्याचं कारण हे होतं.

तिसरी गोष्ट अर्थिंग. आपल्या जुन्या मातीच्या-विटांच्या घरांत तीन पिनचं सॉकेट असे, पण तिसऱ्या भोकामागे तार नसे. संगणकाच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या. सौंसरचे आमचे एक वायरमन म्हणायचे, “काकाजी, मशीन तुम्ही तीस हजाराची आणता अन् खड्डा खोदायला काहून भेता?” अंगणात खड्डा, त्यात पट्टी, वर मीठ आणि कोळसा, उन्हाळ्यात अधूनमधून पाणी. एवढ्याने संगणकच नाही, पुढे फ्रिज आणि टीव्हीही सुखी झाले.

व्हायरसचं औषध

व्हायरस या शब्दाने त्या काळी घरात घबराट होई. आपल्याच देशात सापडलेल्या एका व्हायरसचं नाव होतं ‘जोशी’. १९९० मध्ये तो नोंदवला गेला. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाईप केल्याशिवाय सोडत नसे. फ्लॉपी आत राहिली आणि संगणक पुन्हा सुरू केला की तिच्यावाटे तो शिरे. पुढे पेनड्राईव्ह आले तेव्हा पद्धत तीच राहिली, फक्त वाहन बदललं. पेनड्राईव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप चाले. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही ही आपोआप चालायची सोय बंद केली, तेव्हा त्याला आळा बसला. आपल्याकडे फोटो स्टुडिओ, फॉर्म भरायचं दुकान आणि घर यांत एकच पेनड्राईव्ह फिरे, म्हणून लागणही घाऊक.

औषधही आपल्याच माणसांनी केलं. पुण्यात कैलास काटकर हे दहावीनंतर कॅल्क्युलेटर आणि यंत्रं दुरुस्त करायच्या कामाला लागलेले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले दिसू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढायचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून १९९५ च्या सुमारास क्विक हील उभं राहिलं. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. बँकेत कर्जाचे अर्ज पाहिलेल्या माणसाला यात विशेष हे वाटतं की त्यांचा धंदा गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून निघाला.

पण औषधालाही पथ्य असतं. व्हायरसचं औषध ताज्या माहितीशिवाय निकामी. पुण्यात फोनवरून अपडेट उतरे. आपल्याकडे डायल-अपच्या लाईनवर तासभर लागे आणि मध्येच तुटे. म्हणून कोणी नागपूरला गेलं की अपडेटची सीडी आणायचं काम सांगितलं जाई. ‘येताना मोसंबी नको, अपडेट आण’ असे निरोप मी ऐकले आहेत. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झालं, आणि ते हळूहळू लहान गावांपर्यंत पोचलं तेव्हा हा त्रास संपला.

फॉन्ट: खरी अडचण इथे

यूपीएस आणि व्हायरसचं नुकसान दिसतं. फॉन्टचं नुकसान दहा-पंधरा वर्षांनी दिसतं.

आपल्याकडची मुलं डीसीए, पीजीडीसीए करत. त्याची केंद्रं भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विश्वविद्यालयाशी जोडलेली, गावोगाव. तिथे टायपिंग शिकवत ते कृतिदेव फॉन्टवर, जुन्या रेमिंग्टन टाईपरायटरच्या बटणांप्रमाणे. पलीकडे महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीचा कोर्स आला. तिकडच्या छपाईत श्री-लिपी, आकृती असे फॉन्टसंच चालत. श्री-लिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, आकृती बंगलोरची. पैसे देऊन घ्यायचे संच, काहींबरोबर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक कुलूप येई, डोंगल. कुलूप नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. शिवाय शिवाजी, किरण, सुरेख असे फॉन्ट हातोहात फिरत. एकाच लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर वराकडून कृतिदेवमध्ये येई आणि वधूकडचा छापखाना तो उघडू शकत नसे. जाम नदीच्या अल्याड-पल्याड नव्हे, एकाच घराण्यात अशी दोन लिपींसारखी गत.

असं का होई, ते बँकेच्या भाषेत सांगतो. समजा तुम्ही कृतिदेवमध्ये ‘आई’ लिहिलं. तुम्हाला पडद्यावर ‘आई’ दिसतं. पण संगणकाच्या खात्यात जमा झालेली असतात चार इंग्रजी अक्षरं, व्ही, के, बी आणि झेड. फॉन्ट हा फक्त वरचा पोशाख. पोशाख काढला की खाली ‘आई’ नाहीच. दुसऱ्या फॉन्टमध्ये त्याच चार अक्षरांवर वेगळी चित्रं बसवलेली. म्हणजे रक्कम आपली, पण जमा दुसऱ्याच्या खात्यात, आणि कोणाच्या खात्यात ते फक्त त्या फॉन्टलाच ठाऊक.

१९९१ च्या भारतीय मानकात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक होता, हे वर सांगितलं. घरगुती संगणकावर मात्र बाजारातले पोशाखवाले फॉन्ट पसरले. सोपे होते, छापील दिसायला सुंदर होते आणि शेजाऱ्याकडे होते. त्या वेळच्या कोणालाही दोष देण्यात अर्थ नाही. छापून कागद हातात आला की काम झालं, फाईल पुन्हा लागेल असं कोणाला वाटलं होतं?

परिचय पुस्तिकेची गोष्ट

लागली. २००४ मध्ये आपल्या समाजाच्या काही मंडळींनी कुटुंब-परिचयाची पुस्तिका काढली होती. नाव, मूळ गाव, आजोबा-पणजोबांची नावं, कोण कुठे दिलं, कोण कुठून आलं. तीनशेच्या वर कुटुंबं. कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी तोंडी सांगितलेली माहिती, जी आता विचारायला ती माणसंच नाहीत. मजकूर नागपूरच्या एका छापखान्यात जुळवला, त्याची सीडी जपून ठेवलेली. २०१७ मध्ये नवी आवृत्ती काढायचं ठरलं आणि ती सीडी माझ्याकडे आली, कारण ‘काका बँकेतले, त्यांना जमते’.

सीडी वाचली गेली, हेच नशीब. घरी लिहिलेल्या सीडीवर एक रंगाचा थर असतो, तो उन्हा-दमटपणाने खराब होतो. फाईल उघडली तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉन्टचं नाव फाईलमध्ये लिहिलेलं होतं, पण तो फॉन्ट आता त्या छापखान्याकडेही नव्हता. शेवटी तिथल्या एका निवृत्त जुळाऱ्याच्या जुन्या संगणकातून तो मिळाला. मग भाचीच्या मुलीने फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून सगळं युनिकोडमध्ये आणलं.

काम संपलं असं वाटलं, पण तिथूनच खरं काम सुरू झालं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करत, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफार उलटा. तो आधी अक्षरानंतर टाईप होई, आता आधी लागतो. प्रोग्रॅम ही उलटापालट करतो, पण जोडाक्षर आलं की गडबडतो. छापील पुस्तिका समोर ठेवून आम्ही दोघं ओळ न् ओळ वाचत बसलो, ती म्हणे आणि मी टिक करी. अगदी व्हाउचर चेकिंगसारखं. दोन महिने गेले.

त्या वाचनात एक गोष्ट लक्षात आली. २००४ च्या पुस्तिकेत आडनाव ‘कळंबे’ होतं. नव्या आवृत्तीसाठी त्याच घरच्या नातवाने जी माहिती पाठवली, त्यात ‘कलंबे’. ‘काळे’ होते ते ‘काले’ झालेले. ‘धवळे’ होते ते ‘धवले’. मी फोन करून विचारलं. उत्तर आलं, “आजोबाजी, मार्कशीटवर तसंच आहे.” प्रमाणित हिंदीत ‘ळ’चं कामच पडत नाही, इंग्रजीत ‘ल’ आणि ‘ळ’ दोन्हीला एकच एल. इंग्रजीतून यंत्राने पुन्हा नागरीत आणलं की तो ‘ल’च होऊन परत येतो. एका पिढीने कागदावर सोडलेला ‘ळ’ दुसरी पिढी तोंडातूनही सोडते. त्या नातवाचे आजोबा कळंबे, तो स्वतः कलंबे. उद्या कोणी वंशावळ शोधायला बसला तर संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी घराणी.

तसंच आपल्या ‘वऱ्हाड’चं. त्यातला तो आडवा, मिशीसारखा र हिंदीला लागत नाही. हिंदी टायपिंग शिकलेला हात रफार देतो आणि ‘वर्हाड’ होतं. युनिकोडमध्ये या अक्षरासाठी जागा आहे, ‘ऱ’, क्रमांक ०९३१. ‘ळ’चा क्रमांक ०९३३. इन्स्क्रिप्टवर जेच्या बटणावर ‘र’, शिफ्टसह ‘ऱ’. सोय पूर्ण आहे, फक्त ती आहे हे माहीत हवं.

युनिकोड आल्यावर

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली, आणि त्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच सरकारी मानकावरून घेतलेली. पण घरात पोचायला दहा-बारा वर्षं लागली. विंडोज एक्सपीमध्ये मराठी होतं, मात्र झाकून. सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागे, त्यासाठी विंडोजची मूळ सीडी मागे, आणि ती बहुतेक घरांत नसे. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी. केंद्र सरकारने जून २००५ मध्ये हिंदीच्या मोफत सॉफ्टवेअरची सीडी काढली. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची ‘बरह’ ही सोय आपल्याला मिळाली ती कर्नाटकच्या शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांच्याकडून. त्यांनी १९९८ मध्ये ती कन्नडसाठी केली आणि पुढे इतर भाषा जोडल्या. ‘ॲ’ हे अक्षर, ज्याच्याशिवाय आपण ‘ॲडव्हान्स’ लिहू शकत नाही, युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये. रुपयाचं चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं आणि त्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये क्रमांक मिळाला. मोबाईलवर आयआयटी मुंबईचं ‘स्वरचक्र’ २०१३ च्या सुमारास आलं. २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चाराप्रमाणे मराठी लिहायचा कीबोर्ड आतच मिळू लागला.

आज माझी नात फोनवर बोलते आणि मराठी उमटतं. चांगलंच आहे. पण बोलून किंवा रोमनमधून लिहिलं की यंत्र जे सुचवतं ते आपण डोळे झाकून घेतो. नाव लिहिताना तरी दोन सुचवण्या पाहून ‘ळ’ निवडावा.

आज घ्यायचं तर

कोणी विचारलं की घरी काय घ्यावं, तर मी ब्रँड सांगत नाही. एवढं सांगतो.

एक, लाईन आता बरी असली तरी टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवाच. व्होल्टेज सावरणारा घ्या, आणि अर्थिंग आधी तपासा. लॅपटॉपला त्याची स्वतःची बॅटरी पुरते.

दोन, इन्स्क्रिप्टची अक्षरं छापलेला कीबोर्ड मिळाला तर उत्तम. नाही तर बटणांवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. मुलांना पंधरा दिवसांत हात बसतो. आम्हा म्हाताऱ्यांना महिना.

तीन, विंडोजचं वय पाहा. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. नवी विंडोज स्वतःचं व्हायरसचं औषध घेऊन येते. बाहेरचं घ्यायचं तर एकच घ्या. दोन घेतले की ते एकमेकांशीच भांडतात. ‘संगणक वेगवान करतो’ म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅम घरात घेऊ नका.

चार, लिहायला लिबर ऑफिस फुकट आहे, मराठी नीट चालतं. काहीही वापरा, पण अक्षरं युनिकोडमध्येच असू द्या.

पाच, प्रती तीन. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवर. बँकेत आम्ही दिवसाचा बॅकअप दुसऱ्या जागी ठेवत असू, तोच नियम.

शेवटी एक विनंती

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. नवा जिल्हा म्हटला की नवी गॅझेटियर, नवे रेकॉर्ड, नव्या पाट्या, नवा इतिहास. कोणी लिहायला बसेल तेव्हा त्याला आपल्या घराण्यांची, गावांची, मंदिरांची, शाळांची माहिती लागेल. ती आपल्याकडे आहे, पण बरीचशी १९९८ ते २०१० मधल्या सीड्यांवर, बंद फॉन्टमध्ये. वंशावळी, देवस्थानांच्या स्मरणिका, शाळेचे वार्षिकांक, आजोबांनी सांगून टाईप करून घेतलेल्या आठवणी.

या दिवाळीच्या साफसफाईत जुनी सीडी किंवा फ्लॉपी सापडली तर फेकू नका. आधी फाईल दुसरीकडे उतरवून घ्या, मग फॉन्टचं नाव पाहा. फॉन्ट मिळत नसेल पण छापील प्रत असेल तर पानांचे स्वच्छ फोटो काढा. फोटोतून मराठी मजकूर काढायची सोय आता फोनमध्येच आहे, चुका हाताने दुरुस्त कराव्या लागतात इतकंच. ज्यांना जमत नसेल त्यांनी मला निरोप द्यावा. भाचीची मुलगी आणि मी अजून टिक करायला तयार आहोत.

आणि आपल्या आडनावात, गावाच्या नावात ‘ळ’ किंवा ‘ऱ’ असेल, तर खाली कमेंटमध्ये ते मूळ रूपात लिहून ठेवा. घरात कसं म्हणतात आणि कागदावर कसं आहे, दोन्ही लिहा. मी यादी करतो आहे.